कधीच बाजाराला न गेलेले फोन

आमचे सर ऑफिसात शिरण्याआधी पार्किंगमध्ये थांबून गाड्यांची चाकं बघायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, हवा कमी असेल. मग कळलं, ते चिखल बघताहेत. त्र्यंबककडून जाऊन आलो म्हणणाऱ्याच्या चाकाला तांबडी माती हवी, देवळ्याकडून आलो म्हणणाऱ्याच्या चाकाला काळी. माती जुळली नाही तर ते रागवायचे नाहीत, नुसतं "बरं" म्हणायचे. त्या "बरं"नंतर तो माणूस महिनाभर त्यांच्या केबिनवरून जाताना मान खाली घालून जायचा.

मी तेव्हा एका मोबाइल कंपनीच्या नाशिकच्या ऑफिसात कंत्राटावर इंजिनिअर होते आणि सर जिल्ह्याच्या नेटवर्कचे प्रमुख. मूळचे नांदगावचे, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काटकुळे. शर्टाच्या खिशात कायम बटणांचे दोन फोन. कुठेही गेले की एकावरून दुसऱ्याला फोन लावायचे, दोन्ही कानांना एकेक धरायचे, स्वतःच "हॅलो" म्हणायचे आणि स्वतःच "बोला" म्हणायचे. आवाज किती उशिरा पोचतो ते बघतात म्हणे. कॅन्टीनवाला मला म्हणाला होता, "मॅडम, या साहेबांचा स्वतःवरपण विश्वास नाही. फोन करून खात्री करून घेतात." ते कुणाच्या हातचा चहा प्यायचे नाहीत, थर्मास घरून आणायचे. एकदा त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते, तेव्हा काकूंनी सांगितलं, "अगं, भाजीत मीठ घातलंस का असं विचारलं तर मला चालेल. हे मिठाचा डबा उघडून बघतात."

टॉवर बघून परत आलेल्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असायचा. "टॉवरजवळच्या टपरीवर बिस्किट कुठलं होतं?" ग्लुकोजचं म्हणून सुटायची सोय नव्हती. "ते सगळीकडे असतं. दुसरं कुठलं?" मग खरंच जाऊन आलेला माणूस म्हणायचा, खारी होती, नानकटाई होती, बरणीत टोस्ट होते पण मऊ पडलेले. न गेलेला माणूस छताकडे बघायचा. मला या सगळ्याचा भयंकर राग यायचा. इंजिनिअरिंगची चार वर्षं काय टोस्ट चाचपायला केली होती का? संगणकावर सगळे आकडे हिरवे दिसले की आम्ही खूश व्हायचो, आणि हे खुर्ची मागे सरकवून विचारायचे, "सगळंच हिरवं? कुणी रंगवलं?"

पहिलं वर्षभर मला ते अजिबात आवडले नाहीत. हे मी त्यांना पुढे तोंडावर सांगितलंय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

त्या वर्षी वरून आदेश आला. हवेतली जागा मोजकी असते हे लोकांच्या गावीही नसतं. कंपनीला सरकारकडून लहरींचा एक पट्टा मिळतो आणि सगळा संसार त्यातच बसवावा लागतो. आमच्या पट्ट्याचा मोठा तुकडा जुन्या टू-जीने अडवलेला होता आणि लोकांना तर व्हिडिओ बघायला फोर-जी हवं होतं. मग टू-जीला एका कोपऱ्यात सरकवायचं, जमेल तिथे उठवायचं, आणि मोकळ्या जागेत फोर-जी लावायचं. ऑफिसात याला रीफार्मिंग म्हणत. सरांच्या घरी शेती. ते म्हणाले, "वावर तेच, पीक नवीन. पण नांगर घालायच्या आधी वावरात उभं काय आहे ते बघून या. बांधावर जाऊन बघा, संगणकावर नाही."

म्हणून त्यांनी नियम केला. ज्या टॉवरवर टू-जीचं बोलणं शून्य मिनिटं दिसतं, तिथे इंजिनिअरने स्वतः जायचं, चार लोकांना विचारायचं, आणि कागदावर 'प्रत्यक्ष जाऊन पाहिले, टू-जी वापरणारे कोणी नाही' असं लिहून सही करायची. मगच तिथलं टू-जी बंद. देवळा भागाची यादी माझ्याकडे आली. ती पूर्ण झाली की मला कायम करणार असं मुख्य ऑफिसने लेखी कळवलं होतं. बाबा रिटायर झालेले, भावाचं शिक्षण चाललेलं. मला ती नोकरी हवी होती, रात्री झोप लागत नव्हती इतकी हवी होती.

यादीतले सगळे टॉवर मी इमानेइतबारे पाहिले. एक सोडून. देवळ्याच्या पुढे डोंगराला लागून एक गाव होतं, तिथला शेवटचा टॉवर राहिला होता, आणि नेमकं त्याच दिवशी संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. आईचे दुपारपासून फोन. पोहे भिजवू का, साडी कुठली काढू, तू आहेस कुठे. भावडबारीच्या घाटाखाली मी गाडी थांबवली आणि त्या टॉवरच्या रखवालदाराला फोन लावला.

"दादा, गावात जुने बटणांचे फोन किती जणांकडे आहेत?"

"कुणाकडंच नाय, मॅडम. समद्यांकडं टच हाय. म्हाताऱ्यांकडंबी टचच हाय."

आकडाही तेच सांगत होता, महिनाभरात एक मिनिट बोलणं नाही. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि नाशिकला वळले. पाहुण्यांच्या मुलाने पोहे दोनदा मागून घेतले आणि आठवड्याने नकार कळवला, तो भाग सोडा.

सरांनी कागद घेतले. एकेका टॉवरचं बिस्किट विचारलं. मी खारीपासून राजगिऱ्याच्या लाडवापर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. शेवटच्या टॉवरसाठी मी टोस्ट ठरवून ठेवले होते. पण तो कागद त्यांनी वाचला, घडी घातली आणि काही न विचारता ड्रॉवरमध्ये ठेवला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. ज्या माणसाने मिठाचा डबा उघडल्याशिवाय घास घेतला नाही, तो आपला कागद न विचारता ठेवतो, हे मला तिथेच खटकायला हवं होतं.

पंधरवड्यात बाकीच्या टॉवरवर फोर-जी लागलं. तो एक तसाच. मी विचारलं तर म्हणाले, "थांबा थोडं." परत विचारलं तेव्हा त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला.

"मॅडम, हे बघा. या टॉवरवर चाळीसेक फोन आहेत, सगळे टू-जीवर. त्यांना दिवसभर फोन येतात. एकही उचलला जात नाही. म्हणून बोलणं शून्य."

"मुलं मिस्ड कॉल देत असतील, सर."

"आठवडाभर सकाळी देतात आणि पुढचा आठवडाभर रात्री? कुठली मुलं अशी पाळीने वागतात?" त्यांनी चष्मा वर केला. "आणि हे फोन गाव सोडत नाहीत. आठवडी बाजाराला जात नाहीत, लग्नाला जात नाहीत, दवाखान्यात जात नाहीत. नांदगावला माझ्या आईची म्हैससुद्धा महिन्यातून एकदा गावाबाहेर जाते."

त्यांना संशय होता की तिथे कुणीतरी खोलीत यंत्र लावून परदेशातले कॉल चोरून वळवतंय. मला संशय होता की हे सगळं ते माझी नोकरी अडवायला करताहेत. मग आमच्या ड्रायव्हरने एक दिवस गाडी पुसता पुसता सांगितलं, "साहेबांची सासुरवाडी तिकडंच हाय ना, शेजारच्याच गावात. दर शनिवारी एसटीनं जातात. ऑफिसची गाडी नाय घेत."

झालं, माझ्या डोक्यात सगळं जुळलं. ऑफिसची गाडी घेतली तर नोंद होते, म्हणून एसटी. सासऱ्याचं, मेहुण्याचं, कुणाचं तरी काहीतरी त्या टॉवरमध्ये अडकलंय, आणि दुसऱ्यांच्या चाकांची माती बघणारा हा माणूस स्वतः लपूनछपून जातोय. मला इतकी चीड आली की मी त्याच दुपारी मुख्य ऑफिसला मेल लिहिला. अमुक टॉवरची पाहणी पूर्ण आहे, माझी सही आहे, तरीही सर विनाकारण काम थांबवताहेत, आणि त्यांचे नातेवाईक त्या भागात आहेत. हे शेवटचं वाक्य मी एकदा पुसलं आणि परत लिहिलं.

मंगळवारी सकाळी व्हिडिओवर बैठक ठरली. सरांना मेल दाखवला गेलाच असणार, पण त्यांनी नुसता थर्मासमधून चहा ओतून घेतला आणि म्हणाले, "मंगळवारी भेटू."

सोमवारी मी सुट्टी टाकली आणि स्वतःच्या स्कूटीवर त्या गावाला गेले. टॉवर कुणाच्या जमिनीत आहे, सरांच्या सासुरवाडीशी त्याचा काय संबंध, हे शोधून काढायचंच असा निश्चय होता. पहिल्यांदा जात होते, तेही पुरावा गोळा करायला.

टॉवरसमोर एक टपरी होती. बरणीत खोबऱ्याची बिस्किटं होती, टोस्ट नव्हते. मी चहा सांगितला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आमच्या ऑफिसचं कुणी इकडे येतं का.

"ते बारीक साहेब?" टपरीवाला म्हणाला. "तीनदा आले. बिस्किटं बघत्यात, घेत नाय. पार खाली धरणापतूर फिरले, येकेक पेटी उघडून बघितली." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "पहिल्यांदा आले तवा इचारत हुते, चष्म्यावाल्या मॅडम येऊन गेल्या का म्हणून. म्या म्हणलं, नाय बा, इकडं कोण मॅडम येतंय."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्यांना पहिल्या शनिवारपासून माहीत होतं.

बाजूच्या बाकावर एक उंच, उन्हाने रापलेल्या मावशी बसल्या होत्या. पदराच्या गाठीतून फोन काढून त्यांनी नंबर लावला. कानाला लावला नाही. दोन रिंगा झाल्या, फोन आपोआप कट झाला. मावशी रस्त्यापलीकडच्या वावरात बघत राहिल्या. थोड्या वेळाने पाइपातून पाणी फसफसत बाहेर पडलं आणि कांद्याच्या रोपाच्या वाफ्यात शिरलं.

"कुणाला फोन लावला मावशी?"

"मोटरला," त्या म्हणाल्या. "खाली धरणावर हाय मोटर. पेटीत सिम टाकलेली असती. तिला फोन लावला की ती आपसूक कट करती अन् मोटर चालू. पुन्यांदा लावला की बंद." मग जरा हसल्या. "बोलत नाय कधी, पण ऐकती. आमच्या घरातल्या माणसापरीस बरी."

गावात बहुतेक सगळ्यांच्या मोटरी खालीच होत्या. लाईट एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. मी विचारलं, हे नसलं तर काय करता?

"चालत जायचं. मकातून वाट हाय." त्यांनी हाताने उतार दाखवला. "आन् मकात बिबट्या हाय. गेल्या साली माझ्या धाकट्या जावेवर झेप टाकली त्यानं. खांदा फाडला. वाचली, पण आता हात वर नाय जात तिचा. तवापासनं समद्यांनी पेट्या बसवल्या."

त्या पेट्यांतली सिम कार्डं टू-जीवर चालत होती, आणि टू-जी वापरणारे कोणी नाही असं मी लिहून दिलं होतं. घाटाखाली, बॉनेटवर, पोह्यांच्या घाईत. सरांनी माझा कागद ड्रॉवरमध्ये दाबून ठेवला नसता तर एका आठवड्यात त्या पेट्या मुक्या झाल्या असत्या आणि रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात या मावशी मक्यातून खाली गेल्या असत्या. मला स्वतःची लाज वाटली. आणि त्याच्याखाली, खोटं कशाला बोलू, भीती होती. उद्या सर हे सगळ्यांसमोर सांगणार आणि माझी नोकरी जाणार.

मंगळवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. पडद्यावर मुख्य ऑफिसचे मोठे साहेब होते, आजूबाजूला आणखी दोघेतिघे. साहेबांनी माझा कागद वाचून दाखवला, मग माझा मेल. म्हणाले, "पाहणी झाली आहे, वापरणारे कोणी नाही, सही आहे. मग तुम्ही टू-जी चालू का ठेवलंत? आणि तिथे तुमचे नातेवाईक आहेत हे खरं का?"

"नातेवाईक आहेत," सर म्हणाले. "सासूबाई आहेत. गुडघे दुखतात त्यांचे."

"मग पाहणीचा कागद खोटा आहे का?"

सरांच्या समोर टेबलावर एक बंद पाकीट होतं. मला वाटलं, आली माझी तक्रार बाहेर. त्यांनी पाकिटावर हात ठेवला, पण उघडलं नाही.

"मॅडमना विचारा," ते म्हणाले. "सही त्यांची आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांनीसुद्धा खुर्ची माझ्याकडे वळवली होती, संगणकावरच्या आकड्याकडे बघायचे तसेच बघत होते. मी नुसतं 'हो, गेले होते' म्हटलं असतं तर कागद खरा ठरला असता, टू-जी बंद झालं असतं आणि मी कायम झाले असते. तो टपरीवाला काही साक्षीला नाशिकला येणार नव्हता. जावेचा तो वर न जाणारा हात मी पाहिलासुद्धा नव्हता, तरी तोच डोळ्यांसमोर येत होता.

"मी गेले नव्हते," मी म्हणाले. "घाटाखालून परत आले. सही खोटी आहे. काल पहिल्यांदा गेले. तिथे चाळीसेक मोटरी आहेत, त्या टू-जीवर चालतात."

मग मी सगळं सांगितलं, मिस्ड कॉल, लाईटच्या पाळ्या, मका, बिबट्या. सांगता सांगता रडायला आलं याचाही मला राग आला. शेवटी ठरलं ते असं: त्या टॉवरवर टू-जीसाठी एक बारीक पट्टी ठेवायची आणि फोर-जीला उरलेल्या जागेत बसवायचं. मला मेमो मिळाला आणि कायम होणं वर्षभर लांबलं. नोकरी मात्र राहिली.

बाहेर आल्यावर मी सरांची माफी मागितली. मेलची, सासुरवाडीची, सगळ्याची. ते म्हणाले, "बरं." मग दोन पावलं पुढे जाऊन वळले. "बिस्किट कुठलं होतं?"

"खोबऱ्याचं."

"हं," म्हणाले, आणि केबिनमध्ये गेले.

त्यानंतर आमचं छान जमलं असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. ते माझे कागद पूर्वीसारखेच उलटसुलट करून बघायचे, माझ्या स्कूटीची चाकंसुद्धा बघायचे. फरक इतकाच की आता मला राग यायचा नाही, आणि हळूहळू मीही दुसऱ्यांचे हिरवे आकडे बघून खुर्ची मागे सरकवायला लागले.

ते रिटायर झाले त्या दिवशी ऑफिसात भाषणं झाली. आपल्याबद्दल लोक इतकं चांगलं बोलताहेत हे ऐकून ते सारखे दाराकडे बघत होते, जणू दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम चाललाय. सगळं आटोपल्यावर ते ड्रॉवर रिकामा करत होते, मी फायली बांधून देत होते. तेव्हा ते पाकीट निघालं. चिकटवलेलं, तसंच.

"हे त्या बैठकीतलं ना?" मी विचारलं. "यात माझ्याविरुद्ध तक्रार होती."

"उघडा," ते म्हणाले.

आत एकच कागद होता, सरांच्या बारीक अक्षरात. त्या टॉवरचा अहवाल. कुणाच्या मोटरीला पेटी, कुठला नंबर, सगळी नोंद. आणि खाली लिहिलं होतं: 'पहिल्या पाहणीच्या आठवड्यात लाईट रात्रीची असल्याने मॅडमना दिवसा मोटरी चालताना दिसल्या नाहीत. नंतर शनिवारी मॅडम माझ्यासोबत पुन्हा आल्या व हा प्रकार त्यांनीच लक्षात आणून दिला. सबब टू-जी बंद करू नये.' खाली त्यांची सही.

मी त्या शनिवारी त्यांच्यासोबत गेले नव्हते. कुठल्याच शनिवारी गेले नव्हते.

"सर, हे खोटं आहे."

"हो."

"मग तेव्हा वाचून का नाही दाखवलंत?"

"आधी तुम्हाला विचारायचं होतं." ते थर्मासचं झाकण घट्ट करत होते. "तुम्ही खोटं बोलला असतात तर हा वाचला असता. पेट्या राहायला हव्या होत्या. आणि तुमच्या घरचं मला माहीत होतं."

तेवढ्यात एक शंका मनात आली. हा कागद बैठकीनंतर, मला बरं वाटावं म्हणून लिहिला असेल तर? माझा हात आपोआप कागद उलटा करायला लागला. पाठीमागे आवक-जावकचा शिक्का असतो, त्यावर तारीख असते.

सरांनी ते पाहिलं आणि ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"बघा, बघा," ते म्हणाले. "नीट बघा. मी आताही खोटं बोलत असेन."

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. शिक्का बैठकीच्या आदल्या दिवसाचा होता, सोमवारचा.